सहासष्ट जोड्या

वयाच्या चोविसाव्या वर्षी ती सगळ्यांची मावशी झाली. संस्थेत काचसामान धुण्याच्या कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी, तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने दारातून डोकं आत घालून विचारलं, "मावशी, माझे फ्लास्क झाले का?" तिने वळून पाहिलं. तिला वाटलं, मागे कुणीतरी वयस्कर बाई उभी आहे. मागे नुसता नळ होता. तेव्हापासून जे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तर तिला त्याची इतकी सवय झाली, की घरी नवऱ्याने खऱ्या नावाने हाक मारली तर ती चटकन ओ द्यायची नाही.

संस्थेत मावशीच्या रागाची ख्याती होती. ऑटोक्लेव्हची वाफ सोडणारी झडप आणि मावशी, दोघींची तपासणी वर्षातून एकदाच करावी आणि तीही लांबून, असं पोरं म्हणायची. पण पहिली आठ-नऊ वर्षं ही बाई हसतमुख होती, काम करताना गुणगुणायची, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. राग मागून आला, आणि आला तो मुक्कामालाच आला.

तिची खोली तळघरात होती. खिडक्या छताला टेकलेल्या, त्यांतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. एका भिंतीला धुण्याची लांबलचक मोरी, दुसऱ्या बाजूला भांडी वाफेने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, मध्ये जस्ताचा पत्रा ठोकलेलं टेबल. वरच्या मजल्यावर सरांची प्रयोगशाळा. सर मातीतल्या जिवाणूंवर काम करायचे. माणूस सभ्य. कुणाला कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. शिपायालाही 'अहो जाहो' करायचे. मावशीने ओतलेल्या प्लेट्समध्ये एकही बुडबुडा नसतो आणि अगारचा, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात त्या जेलीचा, थर सगळीकडे सारखा असतो, हे त्यांच्याच नजरेत भरलं. त्यांनी तिला मोरीवरून उचलून वर आणलं, ज्योतीवर तार तापवून जिवाणू एका प्लेटमधून दुसऱ्या प्लेटमध्ये कसे न्यायचे ते स्वतः शिकवलं. त्याबद्दल तिने सरांना कधी नावं ठेवली नाहीत. जे चांगलं ते चांगलं.

सरांचा लाडका जिवाणू म्हणजे एक निळा. कुठल्याशा नाल्याकाठच्या मूठभर मातीतून निघालेला. प्लेटवर तो आधी पांढऱ्या लोकरीसारखा पसरायचा, मग त्याच्यावर खडूच्या भुकटीसारखे बीजाणू धरायचे, झाकण उचललं की खणलेल्या मातीचा वास यायचा. आणि चौथ्या दिवशी त्याच्याखालचं अगार निळं व्हायला लागायचं, शाई सांडल्यासारखं. ती शाई म्हणजे प्रतिजैविक होतं. तिच्या आसपास दुसरे जिवाणू तग धरत नसत. त्यातून औषध होईल अशी आशा होती. पण सरांचा प्रश्न वेगळा होता: हा एवढासा जीव ती शाई बनवतो कशी? किती पायऱ्यांनी? कुठली जीन कुठल्या पायरीवर कामाला असते?

"मावशी, घड्याळ कसं चालतं ते कळायला बिघडलेली घड्याळं गोळा करायची," सर म्हणाले होते. म्हणून ते बीजाणूंवर अतिनील दिव्याचा प्रकाश पाडायचे. बहुतेक मरायचे. जगलेल्यांतले बहुतेक निळेच राहायचे. पण हजारात एखादी वसाहत पांढरी निघायची. कुठलीतरी एक जीन मोडलेली, त्यामुळे शाई बनवण्याचं काम अर्ध्यावर अडलेलं. असे पांढरे शोधायचं काम मावशीकडे. खिडकीसमोर बसून ती दिवसाला दोनशे प्लेट्स बघायची. वर्ष-दीड वर्षात तिने शहात्तर पांढरे वेचून काढले.

ते शहात्तर पांढरे सरांनी आपल्या विद्यार्थिनीच्या हवाली केले. जाड भिंगांची, अबोल, सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. तिने ते पांढरे फ्लास्कमध्ये वाढवले, वाटले, गाळले, उकळले. दोन वर्षं गेली. हाती काही लागेना. कुठला पांढरा कुठल्या पायरीवर अडलाय हे कळायला मार्गच नव्हता. चष्मेवाली मोरीपाशी येऊन तोंड धुवायची तेव्हा मावशीला कळायचं की ही पाणी कशावर मारते आहे. ती टॉवेल पुढे करायची.

मग एक महिना अगार मिळेनासं झालं. पुरवठादाराचं काहीतरी अडलं होतं. सरांनी फर्मान काढलं, प्लेट्स जपून वापरा. पांढरे तर जिवंत ठेवायला हवेत, दर थोड्या दिवसांनी नव्या प्लेटवर घ्यायला हवेत. नियम असा, की एका प्लेटमध्ये एकच. मावशीने तो नियम गुंडाळून ठेवला आणि एकाच प्लेटमध्ये बारा पांढरे शेजारी शेजारी, दोन दोन मिलिमीटरचं अंतर सोडून लावले. चाळीतल्या खोल्यांसारखे.

चौथ्या दिवशी तिने प्लेट उजेडात धरली. पांढऱ्याशेजारी पांढरा. आणि दोघांच्या मध्ये, एकाच्या कडेला, दोऱ्याएवढी बारीक निळी रेघ.

तिला आधी वाटलं, निळ्याचा बीजाणू उडून पडला. म्हणजे आपल्याच हाताची चूक. तिने तेच दोघे नव्या तारेने, नव्या प्लेटवर लावले. चार दिवसांनी रेघ तिथेच, त्याच बाजूला. मग ती जेवणाच्या सुट्टीत तळघरातच बसू लागली. डबा एका हाताने, काम दुसऱ्या हाताने. बारा पांढरे, प्रत्येकाला बाकी अकरांच्या शेजारी बसवायचं. सगळ्या मिळून सहासष्ट जोड्या. प्रत्येक जोडी दोनदा. चौकटीच्या वहीत तिने एकेका जोडीला एकेक चौकोन दिला आणि जिथे रेघ आली तिथे बाण काढला: देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे. ती डावखुरी होती, त्यामुळे तिचे बाण उजवीकडून डावीकडे धावायचे. काही जोड्यांत काहीच घडलं नाही. पण जिथे घडलं तिथे बाण नेहमी एकाच दिशेने होता. आज देणारा उद्या त्याच शेजाऱ्याकडून घेणारा झाला, असं एकदाही झालं नाही. तीन आठवड्यांनी ती वही घेऊन सरांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"सर, हे ओळीत लागतात."

"कोण?"

"पांढरे. बाराचे पाच गट होतात. कुणाच्या आधी कोण, ते लागतं."

सरांनी वही घेतली आणि पानं उलटून बघितली. "हे तुम्हाला कसं सुचलं?"

मावशीची आई कपड्यांच्या कारखान्यात होती. मावशीने तेच सांगितलं. "आमच्या आईच्या कारखान्यात एक जण कापायची, दुसरी शिवायची, तिसरी काजं करायची, चौथी बटणं लावायची. बटणवाली आली नाही, की बिनबटणांच्या सदऱ्यांचा ढीग लागायचा. समोरच्या कारखान्यात शिवणारी आली नाही, की तिथली बटणवाली हात चोळत बसायची. ढीग रस्त्यापलीकडे नेऊन द्यायचा, की तिकडे पुरे सदरे तयार. दोन्हीकडे एकेक बाई गैरहजर, तरी सदरा होतो. पण तो होतो कुठे? जिच्या कारखान्यात आधीची बाई नाही, तिच्याकडे. उलटं कधीच होणार नाही. हे पांढरे तसेच आहेत. जो देतो तो उशिराच्या पायरीवर अडलाय. जो घेतो आणि निळा होतो, तो आधीच्या."

सर खुर्चीतून उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. मग त्यांनी चष्मेवालीला बोलावून घेतलं आणि दार लावून घेतलं. मावशी बाहेरच राहिली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला त्या दिवशी आनंदच झाला होता. घरी जाताना तिने लेकीसाठी रंगीत खडूंची पेटी घेतली आणि नवऱ्याला बारा पांढऱ्यांची सगळी कुळकथा ऐकवली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "म्हणजे बंद पडलेल्या दोन लिफ्टमधून एक चालू. करतो आम्ही तसं."

आठ-नऊ महिन्यांनी सरांचा निबंध परदेशी मासिकात छापून आला. संस्थेत पेढ्या-मिठाईऐवजी नुसताच चहा झाला, पण झाला. मावशीला परकी भाषा वाचता येत नव्हती. ग्रंथालयातल्या सहायकाला तिने म्हटलं, "मला जरा वाचून दाखव." त्याने आकृती उघडली. सहासष्ट चौकोन. बाण उजवीकडून डावीकडे. तिच्या वहीतली आकृती कुणीतरी शाईने स्वच्छ गिरवली होती, एवढाच फरक. वर दोन नावं: सरांचं आणि चष्मेवालीचं. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, 'काचसामानाच्या निगेबद्दल सहायक कर्मचाऱ्यांचे आभार'.

"यात तुझं नाव कुठंय?" सहायकाने भाबडेपणाने विचारलं.

"काचसामानात," मावशी म्हणाली.

ती सरांकडे गेली. त्यांनी तिला बसायला सांगितलं. तेही नेहमीप्रमाणे अदबीने.

"सर, माझं नाव नाही त्यात."

"मावशी, नाव घालायला पदवी लागते. मासिकांचा नियम असतो. तुम्ही शाळा कितवीपर्यंत केलीत?"

"नववी."

"मग? माझ्या हातात असतं, तर घातलं नसतं का?"

आणि मावशीला ते पटलं. पुढे आयुष्यभर तिला ज्याचा सगळ्यात जास्त संताप आला, तो याचा, की तिला ते पटलं. ती 'बरं सर' म्हणाली, वर थँक्यू म्हणाली, आणि खाली जाऊन फ्लास्क घासले.

तीन वर्षांनी त्याच ग्रंथालयाच्या सहायकाने सहज बोलता बोलता सांगितलं की असा कुठलाही नियम नाही. वनस्पतींच्या एका निबंधावर त्याने एका माळ्याचं नाव बघितलं होतं. त्या माळ्याला तर सही करता येत नव्हती. मावशी ते ऐकून मोरीपाशी उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी अंगावर कळलं. 'माझ्या हातात असतं तर.' अरे, पेन तुझ्याच तर हातात होतं. एवढं सभ्य बोलणारा माणूस, एवढ्या सभ्यपणे तोंडावर खोटं बोलला, आणि आपण त्याचे आभार मानले. त्या दिवशी तिच्या हातून एक मोठा फ्लास्क फुटला. नोकरीतला पहिला, आणि तिने मुद्दाम फोडलेला एकमेव.

तोवर चष्मेवाली शिक्षणाला परदेशी निघून गेली होती. निघायच्या दिवशी ती तळघरात आली, पण तिने नजर उचलली नाही. मावशीनेही टॉवेल पुढे केला नाही.

नोकरी सोडावी असं मनात आलं, नाही असं नाही. पण घर दोघांच्या पगारावर चालायचं, लेक शाळेत होती, आणि दुसरीकडे गेली असती तर मोरीपासूनच सुरुवात करावी लागली असती. ती राहिली, पण गुणगुणणं गेलं. सरांशी ती मोजून दोन शब्दांत बोलायची: 'झालं', 'ठेवलंय', 'नाही'. जिवाणूंच्या कुप्यांचा फ्रीझर आणि ती खोली तिच्या ताब्यात आली, तेव्हा तिने तिचा गडच केला. कुठली कुपी कधी भरली, कशातून भरली, कुणी नेली, सगळं तिच्या वहीत, आणि नेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय कुपी बाहेर नाही; मग तो संचालक असो की त्याचा बाप. खोलीत चपला घालून शिरणारा अनवाणी परत यायचा, कारण चपला ती बाहेर भिरकावून द्यायची. पोरं घाबरायची, पण तिच्या फ्रीझरमधली एक कुपी कधी चुकीची निघाली नाही.

एकदा ट्रॉली ढकलत ती व्याख्यानाच्या खोलीवरून जात होती. आत सर नव्या मुलांना शिकवत होते. "समजा, एका कारखान्यात बटणं लावणारी बाई आली नाही," सर सांगत होते. मुलं खूश होऊन हसत होती. "माझ्या डोक्यात हे कसं आलं, विचाराल, तर..." मावशीने ट्रॉली थांबवली. आत जावं, आणि माझी आई तुमच्या डोक्यात कधी आली, असं सगळ्यांदेखत विचारावं. पण ती ट्रॉली ढकलत पुढे निघून गेली. त्या न विचारलेल्या प्रश्नाने तिला त्यानंतर कित्येक वर्षं छळलं.

सरांना पदक मिळालं, ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी चष्मेवाली आली. आता तिला सगळे मॅडम म्हणायचे. तोवर जीन्स उलगडून वाचायची यंत्रं आली होती. मॅडमनी दाखवून दिलं की शाई बनवण्याच्या सगळ्या जीन्स त्या जिवाणूत एकमेकींना खेटून, एका ओळीत बसलेल्या आहेत. मावशीच्या पाच पायऱ्या त्या ओळीत सापडल्या, आणि वर आणखी बऱ्याच. त्याच ओळीत एक ढालही निघाली. विष बनवणारा स्वतः त्या विषाने का मरत नाही? कारण विष बनवणाऱ्या जीन्सच्या शेजारीच, ते विष अंगाबाहेर फेकणारी जीन असते. ओळ जाईल तिथे ढाल जाते, आणि ओळ नाहीशी झाली की ढालही नाहीशी होते. मॅडमनी हे एका व्याख्यानात समजावलं. मावशी मागच्या रांगेत उभी राहून ऐकून गेली. प्रश्न विचारला नाही.

ती सत्तावन्न वर्षांची असताना एका औषध कंपनीने त्या निळ्याचे हक्क घेतले. मावशीने कुपी भरून दिली, सोबत आपल्या हाताने लिहिलेला सूचनांचा कागद दिला, सही घेतली. वर्षभराने कंपनीचं पत्र आलं. जिवाणू वाढवायच्या टाकीच्या टाक्या पांढऱ्या निघत होत्या; शाईचा थेंब नाही. कंपनीचं म्हणणं असं, की संस्थेच्या फ्रीझरची राखण एक अल्पशिक्षित कर्मचारी करते, तिने निळ्याऐवजी जुन्या पांढऱ्यांपैकी एखाद्याची कुपी दिली. नुकसान भरून द्या.

चौकशी समिती बसली. मॅडम, संस्थेचे कुलसचिव आणि कंपनीचा साहेब. मावशीला बोलावून उभंच ठेवलं.

कुलसचिव म्हणाले, "मावशी, चूक कुणाच्याही हातून होते. कबूल केलंत तर निवृत्तीवर काही परिणाम होणार नाही, एवढं मी बघतो."

"काय कबूल करू?"

"कुपी बदलली गेली असेल. वयपरत्वे..."

"माझं वय माझ्या गुडघ्यात आहे. डोळ्यांत नाही." तिने साहेबाकडे वळून विचारलं, "मूळ कुपी किती वेळा उघडली?"

साहेब हसला. "बाई, तांत्रिक बाबी तुम्हाला..."

"किती वेळा?"

"एकदाच. त्यानंतर गरज पडली नाही. एका टाकीतून पुढच्या टाकीत घालत गेलो."

"वर्षभर?"

"अकरा महिने."

मावशी म्हणाली, "मी कागदावर पहिल्याच ओळीत लिहून दिलं होतं. दर वेळी मूळ कुपीतूनच सुरुवात करा म्हणून. कागद वाचला होता कुणी? का अल्पशिक्षित बाईचं अक्षर, म्हणून नाही वाचला?"

मग तिने सांगितलं, तिला एक आठवडा हवा. कंपनीच्या टाकीतले पांढरे आणि तिचे जुने पांढरे ती शेजारी शेजारी लावून दाखवेल. कंपनीचे पांढरे जुन्यांपैकी असतील, तर त्यांची एकच पायरी मोडलेली असेल. बाकी ओळ शाबूत, ढाल शाबूत. ते निळ्याच्या विषाला भीक घालणार नाहीत, आणि कुठल्यातरी जुन्या पांढऱ्याशी जोडी जमवून निळी रेघ काढतील. पण टाकीतून टाकीत ओतता ओतता निळ्याने ती अख्खी ओळच टाकून दिली असेल, तर ढालही गेली. मग ते निळ्याच्या शेजारी मरतील, आणि कुणाशीही जोडी जमणार नाही. "टाकीत आयतं खायला मिळतं. शाई बनवायचा खटाटोप न करणारे भराभर वाढतात आणि राबणाऱ्यांना मागे सारतात. तुमच्या टाकीत सगळे फुकटे उरलेत, साहेब. मी तसे दिले नव्हते."

मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. "आठवडा द्या त्यांना."

घरी मावशीने ताट सरकवून दिलं. नवरा म्हणाला, "तुझी बाजू खरी आहे, मग एवढी का धुमसतेस?"

"खरीच तर तेव्हाही होती."

लेक वकिलाच्या कचेरीत मसुदे टंकायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, प्लेटची झाकणं उघडायच्या आधी सह्या घे. कुठली प्लेट कुणाची, काय दिसलं तर काय अर्थ, आणि प्रयोग कुणी केला. सगळं आधी लिही, तिघांची सही घे. एकदा निकाल दिसला, की कुणाला काही आठवत नाही."

मावशीने लेकीकडे पाहिलं. ही अक्कल त्या वयात आपल्याला कुणी का दिली नाही, याचाही तिला राग आला.

तिने प्लेटच्या मधोमध निळ्याचा जाड पट्टा ओढला आणि चार दिवस वाढू दिला. मग त्या पट्ट्याला काटकोनात, दोन्ही बाजूंनी, कंपनीचे पांढरे आणि आपले जुने पांढरे ओढले. दुसऱ्या प्लेट्सवर जोड्या लावल्या. कंपनीला दिलेल्या कुपीबरोबरच, त्याच नळीतून भरलेली दुसरी कुपी तिने फ्रीझरमध्ये ठेवली होती. तीही उघडून एका प्लेटवर पसरली. आठव्या दिवशी तिघे तळघरात आले. खुर्च्या दोनच होत्या. साहेब उभा राहिला. मावशीने वही उघडून समोर ठेवली.

"आधी सह्या."

"याची काय गरज आहे?" कुलसचिव म्हणाले.

"मला आहे."

तिघांनी सह्या केल्या. मग तिने प्लेट उजेडाकडे धरली. जुने पांढरे थेट निळ्या पट्ट्याला भिडले होते, अंगाला अंग लावून. कंपनीचे पांढरे अंगठ्याएवढं अंतर राखून थांबले होते. त्यापुढे नुसतं स्वच्छ अगार. जोड्यांच्या प्लेटवर जुन्यांच्या आपसांत निळ्या रेघा होत्या, कंपनीच्यांच्या वाट्याला एकही नाही. आणि दुसऱ्या कुपीची प्लेट काठापासून काठापर्यंत निळी, त्यात एक पांढरा ठिपका नाही.

साहेबाने प्लेट स्वतःच्या हातात घ्यायचा प्रयत्न केला. "झाकणाला हात लावू नका," मावशी म्हणाली, आणि त्याने हात मागे घेतला.

कुलसचिव आणि साहेब वर निघून गेले. मॅडम मागे राहिल्या. त्या जोड्यांच्या प्लेटकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मावशी, ती वही तुमची होती हे मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं हे मला माहीत होतं." इतक्या वर्षांत मावशीने तिला प्रथमच अरेतुरे केलं. "अठ्ठावीस वर्षं काय केलंस, ते सांग."

"तेव्हा मी घाबरले होते. सरांच्या हातात माझी पदवी होती."

"आणि पदवी मिळाल्यावर?"

मॅडम चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मावशीने प्लेट्स गोळा केल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये रचायला घेतल्या. रडणाऱ्या माणसाची दया येण्याचं वय तिच्यापुरतं संपलं होतं.

समितीच्या अहवालात तिचं नाव आलं, कारण वहीवर तिघांच्या सह्या होत्या आणि ते टाळायला वाव नव्हता. कंपनीने दावा मागे घेतला. पुढे जीन्स वाचून झाल्या, तेव्हा कंपनीच्या पांढऱ्यांत ती ओळ मुळापासून गायब निघाली. आणि महिन्याभराने मॅडमनी एक पत्र तयार केलं, त्या परदेशी मासिकाला पाठवायचं: त्या निबंधातला जोड्यांचा प्रयोग तिसऱ्याच व्यक्तीने योजला आणि केला, तिचं नाव लेखकांत असायला हवं होतं. मासिकाची अट होती, दोन्ही लेखकांच्या सह्या हव्यात. मॅडम म्हणाल्या, मी सरांकडे जाऊन येते. मावशी म्हणाली, "मी जाते. पत्र दे."

सर ऐंशीच्या घरात होते. घरामागच्या अंगणात वेताच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल, बाजूला चहा. तिला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. "या मावशी, बसा. किती वर्षांनी." ती बसली नाही. तिने येताना बसमध्ये सगळं ठरवून ठेवलं होतं: आईचा कारखाना, तो पदवीचा नियम, तो माळी. सर नाही म्हणतील, आणि मग ती एकेक करून सगळं त्यांच्यासमोर मांडेल. त्यांनी पत्र हातात घेतलं. अर्धं वाचलं. टेबलावरचं पेन उचललं, सही केली आणि पत्र परत दिलं. चहाचा कप खाली ठेवायचीही त्यांना गरज पडली नाही.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "आधी सांगायचंत. मला वाटलं होतं, तुम्हाला त्याने काही फरक पडत नाही."

मावशीने पत्राची घडी करून ते पिशवीत ठेवलं.

"मी सांगितलं होतं. तुमच्या खोलीत, समोर बसून. तुम्ही म्हणालात, पदवी लागते."

"असं म्हणालो मी?" सरांनी आठवून बघितलं. "असेल. आठवत नाही हो."

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला दिसत होतं. खरोखरच आठवत नव्हतं. जे तिने अठ्ठावीस वर्षं उराशी धरलं होतं, ते या माणसाने त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत विसरून टाकलं असणार. इतकी सोपी होती ती सही. चहाच्या दोन घोटांमध्ये होण्याइतकी.

"तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हता," ती म्हणाली. "तरी पंचवीस वर्षं तिच्या कारखान्याच्या गोष्टीवर टाळ्या घेतल्यात. ती गेली तेव्हा तुम्ही मला अर्ध्या दिवसाची रजा दिली होतीत. मला आठवतंय. तुम्हाला काही आठवायची गरजच पडली नाही कधी."

सरांचा चेहरा उतरला. ते काहीतरी बोलू लागले, बहुतेक माफीचंच असावं, पण मावशी ते ऐकायला थांबली नाही. फाटक तिने आपटलं. बाहेर रस्त्यावर येऊन ती दोन बसथांबे चालत गेली, कारण एका जागी उभं राहवत नव्हतं.

दुरुस्ती मासिकात छापून आली. चार ओळी, पान कुणी उघडणार नाही अशा जागी. लेकीने ती छापून आणून मोठ्याने वाचली, मग आपल्या भाषेत सांगितली. नवऱ्याने कागद हातात घेऊन तिच्या नावाच्या स्पेलिंगवरून बोट फिरवलं.

"झालं ना मग आता?" तो म्हणाला.

"नाही," मावशी म्हणाली, आणि उद्याच्या डब्यासाठी भाजी निवडायला घेतली.